बाटली कोणी भरली

आज दिनांक २० फेब्रुवारी १९६३, मुक्काम दौंड. मी शेवंताबाई भ्रतार गेणबा साबळे, वय पन्नाशीच्या आसपास, धंदा शेती, राहणार कवठे येमाई, तालुका शिरूर, जिल्हा पुणे, माझ्यामागे माझ्या मिळकतीची ओढाताण होऊ नये म्हणून पुढचा मजकूर तोंडाने सांगते आहे, आणि शिरूर कोर्टाच्या आवारात बसणारे लेखनिक इनुसभाई चांदभाई शेख तो उतरून घेत आहेत. माझे डोके ठिकाणावर आहे. शरीर नाही. सकाळी पेज घेतली, ती निम्मी उलटून पडली, पण तो पोटाचा दोष, बुद्धीचा नाही. मला कोणी धमकावलेले नाही, भुलवलेले नाही. धमकावले होते एकाने, त्याचे नाव पुढे येईल.

माझ्या बोलण्यातल्या 'हाय'चे इनुसभाई 'आहे' करतात. करू देत. पण मी सांगितलेली गोष्ट गाळायची नाही, असे मी त्यांना बजावले आहे. ते मघाशी म्हणाले, "काकी, मृत्युपत्रात घर कोणाला, जमीन कोणाला एवढंच लिहितात. बाकीचं मनात ठेवावं." मी म्हटले, "मनात ठेवून ठेवूनच पोटात गाठ झाली. तुम्ही लिहा."

गाठ गर्भाशयात आहे. येथील डॉक्टरीणबाई, डॉ. विमल टिपणीस, यांनी मला स्पष्ट सांगितले की हा कॅन्सर आहे आणि उशीर झाला आहे. पुण्याला नेऊन उपयोग नाही. गावात मात्र निदान आधीच झाले होते. मला पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जायला लागले तेव्हा पाणवठ्यावर बायका म्हणाल्या, "वांझेची कूस वापरली न्हाई, तर ती कुजतीच." बाईच्या पोटाला बाया अशा बोलतात, याची मला जेवढी शिसारी आली तेवढी त्या रक्ताची आली नाही.

माझे माहेरचे नाव नकुशी. माझ्याआधी बापाला मुलीच झाल्या होत्या, आता पुरे, हे देवाला कळावे म्हणून नाव ठेवले. सासरी शेवंता केले. पुढे तीही नकोशीच झाली.

कलम पहिले. माझ्या मिळकतीत कवठे येमाई येथील दोन खणांचे घर, पुढची पडवी, मागचा गोठा, घोड नदीच्या बाजूची जमीन व विहिरीतला हिस्सा एवढे येते. ही मिळकत माझे पती कै. गेणबा यांना भावापासून वाटणी होऊन मिळाली होती. ते तीन वर्षांपूर्वी छातीत कळ येऊन वारले. मूल नव्हते, सासूबाई त्यांच्याआधी गेल्या. नव्या कायद्याने सर्व माझ्या एकटीच्या मालकीचे झाले व सातबाऱ्याला माझे नाव लागले. ते सर्व मी म्हाळसाबाईस देत आहे.

म्हाळसाबाई कोण, हे कागदाला ठाऊक नाही. गेणबाने माझ्यावर दुसरी बायको करून आणली ती म्हाळसा. पण सरकारने त्याआधीच दुसऱ्या बायकोची बंदी केली होती. म्हणजे अक्षता पडल्या, गाव जेवले, पण कायद्याच्या लेखी ती लग्नाची नव्हे. तिने त्या घरात शेणगोठा केला, सासूबाईंची अंथरुणातली सगळी घाण काढली, माझ्याबरोबर बाजरी कापली, आणि तिचा त्या घरातल्या खुंटीवर हक्क नाही. माझा पुतण्या बाळासो, म्हणजे थोरल्या दिरांचा मुलगा, याने मला सांगितले आहे, "काकी, तुमची तिरडी उठली की हिची बोचकी मी रस्त्यावर टाकतो." म्हणून हा कागद.

कलम दुसरे. देण्याचे कारण. इनुसभाई म्हणतात कारण लिहिलेच पाहिजे असे नाही. मला लिहायचे आहे.

लग्नानंतर मूल होईना. त्यात नवल नाही, पुष्कळांना होत नाही. पण आमच्याकडे मूल झाले नाही की त्याचा शोध बाईच्या पोटात घ्यायचा, ही रीत. बाजरी उगवली नाही तर शेतकरी आधी बियाणे बदलतो, शेताला डाग देत नाही. मला मात्र डाग दिले. सासूबाईंनी सळई तापवून बेंबीखाली चार ठिकाणी टेकवली, आणि धरायला माझाच नवरा होता. भगताने चघळून थुंकलेली मुळी मला चाटायला लावली. त्याच्या तोंडाला तंबाखूचा वास होता. अजून कधी कोणी तंबाखू मळला की माझ्या घशाशी येते.

त्याहून वाईट म्हणजे नाळ. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मूल जन्मले की बेंबीशी राहिलेला नाळेचा तुकडा काही दिवसांत वाळून गळतो. वांझ बाईने तो गुळात घालून गिळला की तिला दिवस जातात, अशी समजूत. ज्या घरात बाळंतीण असते तिथे त्या तुकड्यावर पहारा असतो, कारण दुसरीने खाल्ला तर आपले मूल मरेल, ही दुसरी समजूत. दोन्ही समजुती एकाच गावात सुखाने नांदतात. मला पहिला तुकडा सासूबाईंनी चोरून आणून दिला. वाळक्या आतड्यासारखा, कडेला काळे रक्त. मी ओकले. ओकलेले पाहून सासूबाई म्हणाल्या, "देव देतोय आन् ही अवदसा बाहेर टाकतीया." दुसऱ्या वेळी नाक दाबून गिळायला लावला.

शेवटी मीच हट्ट धरला की मला दौंडला डॉक्टरणीकडे न्या. एस.टी.ने शिरूर, तिथून दौंड. नवरा बरोबर, आणि वाट दाखवायला बाळासो, कारण तो कांद्याच्या वॅगनी भरायला दौंडला येत असे. डॉ. टिपणीसबाईंनी मला तपासले. पोटावरचे डाग त्यांनी एकेक करून मोजले. मग त्यांनी नवऱ्याला आत बोलावून विचारले, "तुम्हांला मोठेपणी कधी गालगुंडं झाली होती?"

नवरा म्हणाला, "कवाच न्हाई."

मी म्हटले, "झालती की. सासूबाई सांगत्यात. तालमीत जात होता तवा. खाली बी सूज आलती, महिनाभर चालता येत नव्हतं."

"बाईमाणसाला काय कळतंय," असे म्हणून नवऱ्याने माझ्याकडे असे पाहिले की परतीच्या वाटेवर काय वाढून ठेवले आहे ते मला कळले.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितले की त्या रोगाने काही पुरुषांच्या बीजाचा नाश होतो. अंगात ताकद असते, मिशी असते, सगळे असते, बीज नसते. मूल दोघांकडून निम्मे निम्मे येते, तेव्हा दोघांची तपासणी झाली पाहिजे. त्यांनी रुंद तोंडाची बुचाची बाटली नवऱ्याच्या हातात दिली आणि काय करायचे ते सांगितले. ताजे आणा, अंगाशी धरून ऊब राहील असे आणा. नवरा बाटलीकडे पाहत राहिला, जणू कोणी विंचू हातावर ठेवला. मग तो बाळासोला घेऊन स्टेशनाच्या मागच्या धर्मशाळेत गेला. दोघे परत आले तेव्हा बाळासोची मान खाली होती आणि नवरा मिशीवरून हात फिरवत होता. मला वाटले, लाजला असेल पोरगा.

डॉक्टरीणबाईंनी काचेवर थेंब घेतला, यंत्राला डोळा लावला आणि मला म्हणाल्या, "या, तुम्हीही बघा." मी एक डोळा मिटून पाहिले. बारीक बारीक शेपटीवाले जीव वळवळत होते, एकमेकांवरून धावत होते, संपतच नव्हते. मी कधी असे काही पाहिले नव्हते. माझे हात आपोआप जोडले गेले. देवघरात जोडते तसे मी त्याला हात जोडले.

"यांचं फार चांगलं आहे," बाई म्हणाल्या, "तुमच्यातही मला दोष दिसत नाही. वाट पाहा." मग नवऱ्याला म्हणाल्या, "आणि यांच्या पोटाला पुन्हा विस्तव लावलात तर मी पोलिसांत कळवीन." नवऱ्याने यातले पहिले वाक्य तेवढे गावात नेले. स्टँडवर पेढे घेतले, चावडीत वाटले. "डाक्टरणीनं यंत्रात बघितलं, आपलं बेस हाय." नाचता येईना तर अंगण वाकडे म्हणतात. इथे अंगण वाकडे असल्याचा सरकारी दाखलाच आणल्यासारखे झाले. वर्षाच्या आत पाटसच्या बाजूची एक पोर आणली. म्हाळसा. अजून पोलके शिवलेले अंगाला बसत नव्हते तिला.

मी सवतीवर जळले का, असे इनुसभाईंनी आत्ता न विचारता डोळ्याने विचारले. जळले. थोडे दिवस. मग ती सळई तिच्यासाठी चुलीत गेली तेव्हा जळणे संपले. मी आडवी गेले, नवऱ्याने मला उंबऱ्याबाहेर ढकलून आतून कडी घातली. म्हाळसा ओरडली नाही, हे मला अजून सहन होत नाही. शेजारच्या हुसेनबी धावत आल्या, त्यांनी त्या पोरीच्या भाजल्या जागेला रात्रंदिवस मलम लावले आणि तिच्या तोंडात घास घातला. आमच्या भावकीतली एक बाई आली नाही.

नाळही तिला खायला घातली. ती बाळासोच्या दुसऱ्या पोराची होती. स्वतः बाळासोने आणून दिली. बायको रडली, तर तिला म्हणाला, "काय होत न्हाई, त्या घरात काय पोट राहायचं न्हाई." मला तेव्हा या वाक्याचा अर्थ लागला नाही.

अर्थ लागला गेणबा गेल्यावर. त्याचे मासिक श्राद्ध झाले आणि बाळासो पडवीत येऊन बसला. जमीन त्याच्या नावावर करून द्यावी आणि म्हाळसाला माहेरी घालवावी, असे म्हणू लागला. "दोघीबी वांझा. घराण्याचं नाव मीच चालवणार."

मी म्हटले, "वांझ कशावरून रे? डॉक्टरणीनं तर माझ्यात काय दोष न्हाई म्हणून सांगितलंय."

तो हसला. सुपारी कातरत, आपण मोठी गंमत सांगतो आहोत अशा थाटात म्हणाला, "काकी, आता काय लपवायचं. गेणबातात्यात दम नव्हता, हे तात्यालाबी ठावं हुतं. धर्मशाळेत मलाच म्हणाले, तू भर. बाटली मी भरली."

मी उठले आणि गोठ्यामागे जाऊन ओकले. मला कशाची घाण वाटली ते नीट सांगते, कारण लोकांना वाटेल त्या बाटलीची. त्या थेंबाची मला घाण नाही. ते जीव होते, मी डोळ्यांनी पाहिले, त्यांचा काय दोष. अंगातून येणाऱ्या कुठल्याच गोष्टीची मला आता किळस राहिलेली नाही. रक्त, पू, सासूबाईंचे मलमूत्र, माझी स्वतःची गाठ, सगळे पाहिले आहे. किळस आली ती अशी की माझ्या नवऱ्याला ठाऊक होते. ठाऊक असून त्याने मिशीवर हात फिरवला. ठाऊक असून कोवळी पोर आणली, तिचे हात धरले, तिला डाग दिला, तिच्या नरड्यात दुसऱ्याचे वाळके मांस घातले, आणि रात्री तिच्याच शेजारी झोपला. माणूस वाईट होता म्हणावे तर बैलाला त्याने कधी चाबूक मारला नाही, भिकाऱ्याला रित्या हाताने घालवले नाही. म्हणून तर जास्तच शिसारी येते. आणि बाळासो गप्प राहिला, कारण चुलत्याला मूल नसले की जमीन कोणाकडे यायची, हे त्याला बाटली भरतानाच कळले होते.

गेल्या वर्षी औषधाला आले तेव्हा मी टिपणीसबाईंना हे सांगितले. त्या म्हणाल्या, "मी बाटली त्यांच्या हातात दिली आणि आलेली घेतली. विचारलं नाही." मी म्हटले, "तुम्ही कशाला विचारणार होता. एवढा नीचपणा पुस्तकात लिहिलेला नसतो." मग त्यांनीच ती गोष्ट सांगितली जी मला सुचली नव्हती. "म्हाळसा अजून तरुण आहे."

कलम तिसरे. म्हाळसाचा पाट, म्हणजे दुसरे लग्न. संपत नावाचा विधुर, मूळ कोरेगाव भीमाचा, आमच्या जमिनीत अर्ध्या वाट्याने शेवंती आणि वांगी करतो. त्याची पहिली बायको बाळंतपणात गेली. मी त्याला विचारले, म्हाळसालाही विचारले. म्हाळसा तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अक्का, माझ्यात काय न्हाई असं समदी म्हणत्यात. त्येला फसवल्यागत हुईल." मी संपतला तिच्यासमोर सगळे सांगितले, बाटलीसकट. तो म्हणाला, "मला पोरासाठी बायको करायची न्हाई. भाकरी खाताना समोर माणूस असावं." मला त्याचे एवढेच आवडले.

विधवेचा पाट अंधारात लावायचा, कोणी तोंड पाहू नये, अशी आमची रीत. मी दसऱ्यानंतर भर दुपारी अंगणात लावला. भावकीचे कोणी आले नाही. न आलेल्यांचे मी आभार मानते, तेवढा तांदूळ वाचला.

आज म्हाळसाला पाचवा महिना चालू आहे. टिपणीसबाईंनी तपासले आहे. गावात आधी म्हणाले, वांझेला दिवस जात नाहीत, पोटात गोळा असेल. गोळा माझ्या पोटात आहे. पोट आणखी वर आले तेव्हा म्हणाले, मग पाप असेल. पाट झालेल्या बाईला पाप कसे, असे मी चावडीत जाऊन विचारले. एकाने खाकरून माझ्या पायाशी थुंकले. मी त्याला म्हटले, "थुंका. तुमच्या आईनं तुम्हांला कुठनं काढलं त्येची तुम्हांला एवढी घाण वाटती, तर जन्माला कशाला आला." इनुसभाईंनी इथे लेखणी थांबवली आहे. त्यांना मी लिहायला सांगितले आहे.

कलम चौथे. बाळासो यास मी काही दिले नाही, ही माझी चूकभूल समजू नये. तो पुढे कोर्टात म्हणेल, काकी आजारात भ्रमली. तसे म्हणू नये म्हणून त्याला मी आठवणीने एक वस्तू देत आहे. शिरूरच्या बाजारातून एक रुंद तोंडाची काचेची बाटली, नवी, बुचासकट घ्यावी आणि माझ्या दहाव्याला जमलेल्या लोकांदेखत त्याच्या हातात द्यावी. रिकामीच द्यावी.

इनुसभाई म्हणाले, "काकी, हे न्यायाधीशासमोर मोठ्यानं वाचलं जाईल."

मी म्हटले, "तेवढ्यासाठीच सांगितलं."

कलम पाचवे. चुलीमागे अजून ती सळई आहे. सासूबाई गेल्या, नवरा गेला, सळई राहिली. ती लोहाराकडे देऊन तिची कडी करून घ्यावी आणि म्हाळसाच्या खोलीच्या दाराला आतल्या बाजूने लावावी. बाहेरच्या बाजूला कडी, कोयंडा, काही ठेवू नये.

कलम सहावे. हुसेनबी यांस माझी गाभण शेळी द्यावी. त्या घेणार नाहीत, नको म्हणतील. त्यांच्या गोठ्यात बांधून यावे. माझी दोन धड लुगडी त्यांच्या सुनेला. बाकीच्या चिंध्यांचे म्हाळसाने बाळासाठी लंगोट करावेत, जुने कापड मऊ असते. पण उकळून, उन्हात वाळवून. डॉक्टरीणबाईंनी तीन वेळा सांगितले आहे.

कलम सातवे. पोस्टात जी रक्कम आहे ती म्हाळसाच्या बाळंतपणासाठी. बाळंतपण दौंडला याच दवाखान्यात व्हावे. काही कारणाने घरी झाले तर नाळ विळ्याने कापू नये, उकळत्या पाण्यातून काढलेल्या पात्याने कापावी. बेंबीवर शेण, राख, हळद, काही लावू नये. आमच्या वाडीत सातव्या-आठव्या दिवशी पोरे जबडा आवळून, धनुष्यासारखी ताठून मरतात आणि आपण सटवाईने नेले म्हणतो. ती शेणाने जातात. सटवाईवर नाहक आळ घालतो आपण.

वाळून पडलेली नाळ म्हाळसाने स्वतः पुरावी. कोणी ना कोणी बाई ती मागायला येईलच, दिवस मावळताना, पदराखाली गुळाचा खडा घेऊन. तिला हाकलू नये, शिव्या देऊ नयेत. तिला बसवून चहा द्यावा आणि दौंडचा पत्ता द्यावा. आधी नवऱ्याला पाठव म्हणावे, आणि बाटली घेऊन जाईल तेव्हा तू बरोबर जा म्हणावे.

कलम आठवे. माझे प्रेत कवठ्याला न्यावे. अग्नी कोणीही द्यावा, संपतने दिला तरी चालेल, बाळासोने देऊ नये. तो पुढे येईल, कारण अग्नी देणारा वारस म्हणवतो. त्याला हाताला धरून बाजूला करावे. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही तर लोक म्हणतील, हिची इच्छा राहिली, बाळासोला बोलवा, त्याच्याकडून वचन घ्या. मुळीच बोलवू नये. दर्भाचा कावळा करून शिववावा आणि घरी जाऊन जेवावे. माझी इच्छा राहिलेली असेल, पण ती कावळ्याने पुरी होण्यातली नाही.

म्हाळसाच्या सातव्या महिन्यात ओटी भरायची आहे. तोवर मी असेन असे टिपणीसबाई म्हणत नाहीत. गावातल्या सवाष्णी बोलावू नयेत, त्या येतील आणि कुजबुजतील. हुसेनबींनी भरावी. शास्त्र विचारायला कोणी आले तर त्याला या कागदाचे कलम दुसरे वाचून दाखवावे.

कलम नववे व शेवटचे. वर कलम पहिल्यात मी घर आणि जमीन म्हाळसाबाईस दिली. ती तिच्या एकटीच्या नावावर राहील, संपतच्या नाही. संपत भला माणूस आहे. गेणबाही लग्नात भलाच दिसत होता.

इनुसभाईंनी हे कायद्याच्या भाषेत पक्के करण्यासाठी आपल्या हाताने एक वाक्य घातले आणि मला वाचून दाखवले. "सदर म्हाळसाबाई हिस अपत्य झाल्यास सदर मिळकत तिच्याकडे कायम राहील." त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. ते म्हणाले, "काकी, मूल असलं की कोर्टात बाजू भक्कम होते. बाळासोला बोलायला जागा राहत नाही." मलाही ते पटले. मी मान हलवली. अंगठा उठवायला मी शाईत बोटही बुडवले होते.

म्हाळसा माझे पाय चेपत बसली होती. तिने वर पाहिले नाही. म्हणाली, "अक्का, आन् न्हाईच राहिलं तर?"

तेव्हा माझ्या लक्षात आले की मला डाग देणाऱ्यांनी जी अट घातली होती, तीच अट इनुसभाईंनी चांगल्या अक्षरात लिहिली होती आणि मी मान हलवली होती. मला माझ्याच मानेची किळस आली. मी म्हटले, "खोडा ते. आत्ता."

तेव्हा शेवटचे सांगते. म्हाळसाला मूल होवो, न होवो. झालेले जगो, न जगो. मुलगा असो, मुलगी असो. संपतजवळ राहो किंवा त्याला सोडो. घर आणि जमीन म्हाळसाची आहे. त्यासाठी तिने काही करून दाखवायचे नाही. तिने तिथे राहावे.

हा मजकूर इनुसभाईंनी मला दोनदा वाचून दाखवला. मी सांगितले तसाच आहे.

स्थळ : दौंड, जिल्हा पुणे
दिनांक : २० फेब्रुवारी १९६३

निशाणी, डावा अंगठा : शेवंताबाई भ्रतार गेणबा साबळे

साक्षीदार
१. डॉ. विमल टिपणीस, दौंड. लिहून देणार बाईंस आज सकाळी मी स्वतः तपासले. त्या पूर्ण शुद्धीवर असून आपण काय देतो व कोणास देतो हे त्यांस नीट समजते. त्यांनी माझ्यासमोर अंगठा केला.
२. बाबुलाल इमाम आतार, अत्तर व सुगंधी तेलाचे दुकान, दौंड. माझ्यासमोर अंगठा केला.

लेखनिक : इनुस चांदभाई शेख, शिरूर

खाडाखोड : कलम नववे यातील "अपत्य झाल्यास" या शब्दांसह एक पूर्ण वाक्य लिहून देणार हिच्या सांगण्यावरून खोडले आहे. खोडलेल्या जागी तिचा दुसरा अंगठा घेतला आहे. खाडाखोड बरोबर आहे.